बदली शिक्षकाचा पूर्वेतिहास

मराठींत 'बदली' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो, आणि ते दोन अर्थ दोन निरनिराळ्या स्थितींतील माणसांच्या वांट्यास आले आहेत. सरकारी नोकराची बदली होते. तो एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो. परंतु त्याचा हुद्दा, पगार व ज्येष्ठता हीं त्याच्यामागोमाग नव्या गांवीं येतात. गिरणींतील मनुष्याची बदली होत नाहीं. तो स्वतःच 'बदली' असतो. पहांटेच्या भोंग्यास दारापाशीं हजर राहावें, कायम कामगारांपैकीं कोणी आला नसेल तर त्याच्या मागावर त्या दिवसापुरतें उभें राहावें, आणि सगळे आले असतील तर भाकरीचा डबा तसाच घेऊन घरीं परतावें, ही त्याची दिनचर्या. पहिल्या अर्थीं बदली ही आयुष्यांतील एक घटना होय. दुसऱ्या अर्थीं ती माणसाची ओळखच होऊन बसते.

सोलापूरकरांस हा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. जिला पुढें सगळें गांव 'जुनी मिल' म्हणूं लागलें ती येथील पहिली कापडगिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली, आणि त्यानंतर तीनचार पिढ्यांचें पोट भोंग्याच्या तालावर भरत आलें. त्या मोठ्या गिरण्या आतां बंद पडल्या आहेत. शब्द मात्र उरला आहे, आणि तो शाळेंतहि ऐकूं येतो. रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागीं कांहीं दिवसांपुरता येणारा तो 'बदली शिक्षक'. शाळेनें हा शब्द गिरणींतून आणला, कीं दोघींनींहि तो एकाच ठिकाणाहून उचलला, ह्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. एवढें मात्र खरें कीं, कायम शिक्षकाची बदली पहिल्या अर्थानें होते, आणि त्याच्या जागीं येणारा दुसऱ्या अर्थानें बदली असतो. एकाच छपराखालीं एका शब्दाचे दोन दर्जे झाले आहेत.

आपल्याकडे शाळांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. रौप्यमहोत्सवाच्या व शताब्दीच्या अंकांत संस्थापकांचीं चरित्रें असतात, इमारतीची हकीकत असते, नामांकित विद्यार्थ्यांची यादी असते. शिक्षक आले नाहींत त्या दिवशीं वर्गाचें काय झालें, हें मात्र कोणी लिहीत नाहीं. तो दिवस प्रत्येक शाळेंत येतो, आणि शाळा कोणाच्या आधारावर चालते याची खरी कसोटी त्याच दिवशीं लागते. शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीवर आजवर कोणकोण बसलें, आणि त्या बसणारास आपण कधीं कांहीं शिकविलें काय, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इंग्रजी अमलापूर्वींच्या आपल्या शाळेंत हा प्रश्न आजच्या स्वरूपांत नव्हताच. पंतोजीची शाळा म्हणजे एखाद्याची ओसरी किंवा देवळाचा ओवरा. मुलें लहानमोठीं, प्रत्येकाची गति वेगळी. कोणी धूळपाटीवर अक्षरें गिरवीत आहे, कोणी मोडी वळण घोटीत आहे, कोणी पाऊणकी-सवायकी म्हणत आहे. इतक्यांना एकट्या पंतोजीनें शिकविणें अशक्यच. त्यामुळें मोठ्या मुलानें धाकट्यास अक्षर काढून द्यावें व त्याच्याकडून पाढे म्हणवून घ्यावे, ही रीत आपोआपच पडली होती. पंतोजी कार्यप्रयोजनास गेला, तरी कालपर्यंत जो धाकट्यांस गिरवून देत होता तोच आज सगळ्यांस गिरवून देई. त्याला नेमणूक नव्हती व वेतनहि नव्हतें. परंतु त्याला मुलें ओळखत होतीं, आणि काल धडा कोठें थांबला हें त्याला ठाऊक होतें. बदलीच्या कामाचें निम्में मर्म एवढ्यांतच आहे.

ह्या रीतीनें पुढें मोठा प्रवास केला. मद्रासेंतील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार अँड्र्यू बेल नांवाच्या धर्मोपदेशकाकडे होता. त्यानें तेथील देशी शाळेंत मुलांना वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलें. आपले पगारी शिक्षक ही नवी तऱ्हा स्वीकारीनात, तेव्हां त्यानें एका लहान मुलाकडूनच खालच्या वर्गास शिकविण्याचा प्रयोग केला. १७९७ सालीं त्यानें लंडनमध्यें आपला वृत्तान्त छापला. जोसेफ लँकेस्टरनेंहि तशाच पद्धतीच्या शाळा विलायतेंत चालविल्या; आणि थोड्या पैशांत पुष्कळ मुलें शिकविण्याचा उपाय म्हणून ही पद्धति तिकडे फार गाजली. मग १८२० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांत नव्या शाळा निघूं लागल्या, तेव्हां तीच पद्धति विलायतेची मुद्रा लावून आपल्या ओसरीवर परत आली.

तिचा एक अवशेष आजहि प्रत्येक मराठी शाळेंत दिसतो. तो म्हणजे वर्गाचा 'मॉनिटर'. गुरुजी बाहेर गेले कीं हा मुलगा खडू घेऊन फळ्यापाशीं उभा राहतो आणि बोलणाऱ्या मुलांचीं नांवें लिहितो. त्याच्या पदाचा पूर्वेतिहास त्याला ठाऊक नसतो. त्याचा पूर्वज शिकवीत असे. हा केवळ गप्प बसवितो. शंभर-दीडशें वर्षांत बदलीच्या कल्पनेंतून शिकविणें गळून पडलें आणि राखण तेवढी शिल्लक राहिली, याचा याहून बोलका पुरावा शोधावयास नको.

हें गळून पडणें एकदम झालें नाहीं. त्याचें कारणहि वाईट नव्हतें. शिक्षक हा तयार केलेला असावा, ह्या चांगल्या विचारांतूनच तें निघालें. कॅप्टन जॉर्ज जार्व्हिस यांच्या देखरेखीखालीं मुंबईस तयार झालेले २४ शिक्षक १८२६ सालीं इलाख्यांतील निरनिराळ्या गांवीं पाठविण्यांत आले. पाठ्यपुस्तकें नवीं, पद्धति नवी आणि ती शिकून आलेला शिक्षकहि नवा. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें शिक्षक तयार करणाऱ्या शाळांवर भर दिला, १८५५ मध्यें मुंबई इलाख्याचें शिक्षणखातें स्थापन झालें, आणि हळूहळू 'ट्रेंड मास्तर' हा एक वेगळा दर्जा बनला. ज्या दिवशीं शिकलेला शिक्षक व न शिकलेला शिक्षक असा भेद उत्पन्न झाला, त्याच दिवशीं शिक्षकाची गैरहजेरी हा प्रश्नहि उत्पन्न झाला. कारण आतां त्याच्या जागीं मोठा मुलगा बसविणें म्हणजे दर्जा उतरविणें ठरलें. आणि दुसरा शिकलेला शिक्षक तर हाताशीं नव्हता.

विलायतेंत ह्या अडचणींतून १८४६ सालीं एक मधला मार्ग निघाला. तेरा वर्षांच्या होतकरू मुलास पांच वर्षें एका शिक्षकाच्या हाताखालीं ठेवावें. त्यानें दिवसा शिकवावें, आणि शाळा सुटल्यावर स्वतः शिकावें. हिंदुस्थानांतील शिक्षणखात्यांनींहि हा प्रकार उचलला. आपल्या कचेऱ्यांतून 'उमेदवार' म्हणून जो बिनपगारी किंवा अल्पवेतनी तरुण वर्षानुवर्षें बसलेला असे, त्याचेंच हें शाळेंतील रूप. ह्या पद्धतींत गुण होता व दोषहि होता. गुण असा कीं, जागा भरणारा मनुष्य त्याच शाळेंत, त्याच मुलांत, एका जाणत्याच्या नजरेखालीं तयार होई. दोष असा कीं, स्वस्तांत काम होत आहे हें दिसल्यावर त्याला तयार करण्याकडे कोणाचें लक्ष राहीना; काम तेवढें घेतलें जाई.

पुरेसें वेतन नाहीं व पुरेसें शिक्षण नाहीं, अशा माणसाच्या हातीं गांवची शाळा देण्याचा परिणाम काय होतो, हें महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत स्पष्ट मांडलें आहे. प्राथमिक शिक्षक शक्य तों शिकवून तयार केलेले असावे, ते शेतकरी वर्गांतूनहि घेतले जावे आणि त्यांना पोटापुरता तरी पगार मिळावा, अशी त्यांची मागणी होती. ही मागणी कायम शिक्षकांसाठीं होती. परंतु तिच्या मागील तत्त्व बदलीसहि तितकेंच लागू आहे. मुलापुढें उभ्या राहणाऱ्या माणसाची किंमत तो तेथें किती दिवस उभा राहणार ह्यावरून ठरवावयाची नसते; कारण मुलाचा तो दिवस पुन्हां येत नाहीं.

फुले दांपत्याच्या शाळांच्या इतिहासांत आमच्या विषयाचा एक अस्सल कागद सांपडतो. सावित्रीबाई आजारी पडून माहेरीं नायगांवास गेल्या होत्या, आणि तेथून १० ऑक्टोबर १८५६ रोजीं त्यांनीं जोतीरावांना पत्र लिहिलें. त्या पत्रांत भावाशीं झालेल्या वादाची हकीकत आहे, व इतरहि पुष्कळ मजकूर आहे. पण आपल्या प्रकृतीविषयीं लिहितांना त्यांना पुण्याच्या शाळेची आठवण येते. आपल्या मागें फातिमेवर कामाचा फार ताण पडत असेल, परंतु ती कुरकुर करणारी नव्हे, अशा आशयाचें त्यांनीं लिहिलें आहे. फातिमा म्हणजे त्यांच्या सहकारी शिक्षिका फातिमा शेख.

ह्या छोट्या उल्लेखांत बदलीचा सगळा विचार आला आहे. पहिली गोष्ट, रजेवर गेलेल्या शिक्षिकेचें काम नाहींसें होत नसतें. तें कोणाच्या तरी अंगावर पडतें. दुसरी गोष्ट, तें जिच्या अंगावर पडलें ती परकी नव्हती. शाळेचा हेतु तिला माहीत होता व मुलींना ती माहीत होती. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, गेलेल्या व्यक्तीस ह्या ओझ्याची जाणीव होती, आणि तिनें ती नांव घेऊन लिहून ठेवली. फातिमाबाईंच्या कुरकुर न करण्याचें कौतुक जरूर करावें. पण पुढील काळांतील शाळा-व्यवस्थेनें त्या न कुरकुरण्यालाच नियम मानलें, हें मात्र आपलें दुर्दैव. सहकाऱ्याचा चांगुलपणा हा एखाद्या आजारपणापुरता पुरतो. हजारों शाळांचा कारभार त्याच्यावर चालवितां येत नाहीं.

आतां पुन्हां गिरणीच्या दारापाशीं येऊं. कारण बदलीचा प्रश्न तेथें कसा सोडविला गेला, हें शाळांनीं पाहण्यासारखें आहे. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार निवडण्याचा अधिकार मुकादमाकडे, म्हणजे जॉबरकडे, असे. आज काम कोणाला द्यावयाचें हें तोच ठरवी, आणि त्यासाठीं दस्तुरी घेई. १९३१ च्या मजूरविषयक शाही कमिशनच्या अहवालानें जॉबरांच्या ह्या सत्तेवर टीका केली. पुढें १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालकांनीं एक व्यवस्था सुरू केली. दर महिन्याच्या आरंभीं ठराविक बदली कामगारांना कार्डें द्यावयाचीं. त्यांनीं रोज सकाळीं हजर राहावयाचें. आणि रिकामी जागा प्रथम कार्डवाल्यासच द्यावयाची. व्यवस्था परिपूर्ण नव्हती. तथापि, बदली कोण, तो कोणत्या खात्यांत काम जाणतो, व त्याचा हक्क किती, हें तिनें निदान कागदावर आणलें.

गिरणीमालक शाळाचालकांहून अधिक दयाळू होते म्हणून हें घडलें नाहीं. माग थांबला तर त्याच दिवशीं वहींत तूट दिसते. आणि ज्याला सूत जोडतां येत नाहीं असा मनुष्य मागावर उभा केला, तर कापडांत खोट येते व ती मालकाला बोटानें दाखवितां येते. वर्ग थांबला तर कोणत्याहि वहींत तूट पडत नाहीं. हजेरीपटावर मुलें हजर असतात, घंटा वेळेवर होते, आणि शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारांत उभे राहून दोन्ही वर्गांकडे पाहत असतात. मुलाच्या विणकरींत त्या दिवशीं पडलेली खोट दिसावयास वर्षें लागतात. आणि ती दिसते तेव्हां ती मुलाचीच मानली जाते.

कायद्यांचा इतिहास पाहिला तर हीच दृष्टि दिसून येते. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत नगरपालिकांना सक्तीचें शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला. १९२३ व १९४७ च्या कायद्यांनीं प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था पुढें वाढविली. ह्या कायद्यांत मूल गैरहजर राहिलें तर पालकानें काय करावें व न केल्यास त्याला काय दंड, याचा विचार होता. शिक्षक गैरहजर राहिला तर मुलानें काय करावें, याचा विचार तितक्या बारकाईनें कोणी केला नाहीं. खेड्यांतून एकशिक्षकी शाळाच पुष्कळ. तेथें गुरुजींची रजा म्हणजे शाळेस सुट्टी, हें समीकरणच झालें होतें. १९८७ च्या 'खडू-फळा' मोहिमेनें एकशिक्षकी शाळेस दुसरा शिक्षक देण्याचें ठरविलें, आणि २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें पहिली ते पांचवीच्या शाळेंत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, असें किमान प्रमाण घातलें. हें पुष्कळच झालें. परंतु त्याच कायद्यानें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ह्यांसाठीं शिक्षकास बाहेर नेण्याची मोकळीक ठेवली आहे. दोघांपैकीं एक निवडणुकीच्या कामास गेला आणि दुसरा आजारी पडला, तर ती शाळा पुन्हां पूर्वींच्याच ठिकाणीं येऊन उभी राहते.

खाजगी शाळांपुरता एक महत्त्वाचा टप्पा १९७७ च्या कायद्यानें गांठला. महाराष्ट्रांतील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा हा कायदा १९८१ पासून अमलांत आला. तात्पुरती रिकामी जागादेखील योग्य अर्हतेच्याच माणसानें भरावी आणि त्याच्या नेमणुकीच्या हुकुमांत मुदत लिहावी, असें त्यांत सांगितलें आहे. म्हणजे बदली शिक्षक हा कायम शिक्षकाइतकाच शिकलेला असावा, हें तत्त्व कायद्यानें मान्य केलें. ह्या तत्त्वाचें स्वागत करून एक गोष्ट निदर्शनास आणावीशी वाटते. कायद्यास अभिप्रेत असलेली अर्हता ही कायम शिक्षकाची आहे. वर्षभर एक वर्ग हातीं घेऊन तो चढवीत नेण्याची विद्या ती शिकविते. अनोळखी वर्गांत सकाळीं साडेदहाला शिरून अकरा वाजतां त्या मुलांचें शिकणें पुन्हां सुरू करणें, ही विद्या निराळी आहे, आणि ती आपल्या कोणत्याहि अध्यापक-विद्यालयाच्या अभ्यासक्रमांत स्वतंत्र विषय म्हणून मानाची जागा मिळवूं शकलेली नाहीं.

तुटवडा पडला असतां काय करतां येतें, याचें एक उदाहरण बाहेरच्या जगांतून घेतां येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडांत शिक्षकांचा मोठा दुष्काळ पडला. तेव्हां तेथील सरकारनें सैन्यांतून सुटलेल्या व इतर उद्योगांतील स्त्रीपुरुषांसाठीं एक वर्षाचा खास अभ्यासक्रम काढला, आणि १९५१ पर्यंत सुमारें ३५,००० शिक्षक त्यांतून बाहेर पडले. १९४४ च्या कायद्यानें विवाहित स्त्रियांना शिक्षिकेच्या नोकरींतून दूर ठेवणारी जुनी अटहि काढून टाकली. त्या व्यवस्थेंत दोष नसतील असें नाहीं. परंतु तात्पुरत्या गरजेसाठीं घ्यावयाचा मनुष्यहि आधीं तयार केला पाहिजे, हें त्यांनीं गृहीत धरलें.

आपल्याकडे गाडी दुसऱ्या रुळावर गेली. २००० सालीं महाराष्ट्रांत 'शिक्षणसेवक' ही योजना सुरू झाली. नव्यानें नेमलेल्या शिक्षकानें पहिलीं तीन वर्षें मानधनावर काम करावें, आणि मग त्याला वेतनश्रेणी मिळावी, असें तिचें स्वरूप. आरंभीं प्राथमिक शाळेसाठीं हें मानधन महिना ३,००० रुपये होतें. १ जानेवारी २०२३ पासून तें १६,००० झालें. ह्या योजनेचें शब्दशास्त्र मोठें विचार करण्यासारखें आहे. येथें तरुण शिक्षक बदलीच्या स्थितींत असतो, पण ज्याच्या बदली तो आला असा कोणी रजेवर गेलेला मनुष्यच नसतो. जागा कायम, काम कायम, मुलें कायम. तात्पुरता तेवढा शिक्षक. पुढें जुलै २०२३ मध्यें जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिकाम्या जागांवर सेवानिवृत्त शिक्षकांस महिना २०,००० रुपयांवर घेण्याचा हुकूम निघाला. निवृत्त शिक्षकाचा अनुभव मोठा, यांत संशय नाहीं. पण एकीकडे पदविका घेऊन बसलेला तरुण आणि दुसरीकडे निवृत्तीनंतर परत बोलाविलेला वृद्ध, ह्या दोघांमध्यें कायम नेमणुकीचा प्रश्न लोंबकळत राहतो, हें लपत नाहीं.

बदलीची नीट व्यवस्था नसल्याचा सर्वांत मोठा भार आज शिक्षिकांवर पडतो. कायद्यानें त्यांना १८० दिवसांची प्रसूतिरजा दिली आहे. ती त्यांचा हक्क आहे. परंतु मागें कोणी येत नाहीं म्हणून तिच्या वर्गाचे तास सहकाऱ्यांत वांटले जातात, आणि मग तिच्या रजेविषयीं शिक्षकांच्या खोलींत कुजबूज होते. दोष व्यवस्थेचा, आणि बोल बाळंतिणीस. सावित्रीबाईंच्या पत्रांतील जाणीव उलटी होऊन येथें दिसते. तेथें रजेवर गेलेलीला सहकारिणीची काळजी होती. येथें सहकाऱ्यांना रजेवर गेलेलीचा राग येतो. राग येणारीं माणसें वाईट नसतात. त्यांच्या फळ्यापुढें एका वर्गाच्या ऐवजीं दोन वर्ग बसलेले असतात.

सोलापुरांत ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथें मराठीच्या बरोबरीनें कानडी, तेलुगु व उर्दू घरोघर बोलल्या जातात. विणकामासाठीं आलेल्या पद्मशाली समाजानें तेलुगु आणली, दक्षिणेच्या शेजारानें कानडी आणली, आणि ह्या चारही भाषांच्या शाळा शहरांत आहेत. तेलुगु शाळेंतील शिक्षिका रजेवर गेली तर पेठेंतील कोणताहि पदवीधर तिच्या जागीं चालत नाहीं. पहिलीच्या मुलाला घरची भाषा ज्याच्या तोंडांत आहे असाच मनुष्य पाहिजे. गिरणींतला मागावरचा बदली सूतखात्यांत घालीत नसत, एवढा विवेक येथेंहि हवा.

ह्याच जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरच्या त्या पारितोषिकाची अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली, हें सर्वश्रुतच आहे. पुढें अमेरिकेंतील फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीं त्यांनीं मागितलेल्या रजेचा वाद जानेवारी २०२२ मध्यें वृत्तपत्रांत गाजला. अखेर शिक्षणमंत्र्यांनीं त्यांत लक्ष घातलें. त्या वादांत कोणाचें किती बरोबर होतें, याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. पण त्या निमित्तानें चर्चेंत जो प्रश्न आला, कीं इतके महिने तुमच्या मागें तुमच्या मुलांना कोण शिकविणार, तो प्रश्न मुळींच गैर नव्हता. फक्त तो रजा मागणाऱ्या शिक्षकाला विचारावयाचा नव्हता. त्याचें उत्तर व्यवस्थेजवळ आधींच तयार असावयास पाहिजे होतें. शिक्षकानें शिकावयास जाऊं नये, आजारी पडूं नये, आणि घरीं पाळणा हलूं नये, ह्या भरंवशावर शाळा चालत असेल, तर ती चालते असें म्हणण्यांत अर्थ नाहीं.

मग बदली शिक्षकास शिकवावयाचें तें काय? पूर्वेतिहासानेंच त्याचा अभ्यासक्रम आंखून दिला आहे. पंतोजीच्या थोरल्या मुलाजवळ मुलांची ओळख होती. म्हणून बदली शिक्षक हा त्याच परिसरांतील ठराविक शाळांशीं बांधलेला असावा, जेणेंकरून तो आला असतां मुलें त्याला नांवानें हांक मारतील. धडा कोठें थांबला हें त्या मुलाला ठाऊक असे. म्हणून कायम शिक्षकाची टाचणवही ही निरीक्षकास दाखवावयाची वस्तु न राहतां मागून येणाऱ्या सहकाऱ्यास लिहिलेली चिठ्ठी व्हावी, आणि ती वाचून वर्ग पुढें नेण्याचा सराव बदलीस असावा. एका वेळीं दोनतीन इयत्ता सांभाळण्याची, म्हणजे बहुवर्ग-अध्यापनाची, हातोटी त्याला मुद्दाम शिकविली जावी; कारण त्याला बहुधा तेंच करावें लागतें. प्रत्येक इयत्तेसाठीं स्वतंत्रपणें घेतां येतील असे कांहीं पाठ त्याच्या पिशवींत सदैव तयार असावे. आणि आपल्या दिवसाचें टाचण त्यानें परतणाऱ्या शिक्षकासाठीं लिहून ठेवावें. ह्यांत दुर्मिळ विद्या कोणतीच नाहीं. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था हें सहज शिकवूं शकेल. फक्त हें शिकविण्यासारखें आहे, असें कोणाला तरी वाटलें पाहिजे.

अशा शिक्षकास ठेवावें कोठें, याचेंहि उत्तर फार दूर नाहीं. आपल्याकडे दहाबारा शाळांमागें एक केंद्रशाळा आहे व तेथें केंद्रप्रमुखाची व्यवस्था आहे. त्या केंद्रावर पूर्ण पगाराचे एकदोन राखीव शिक्षक नेमले, तर त्यांना रिकामें बसण्याची वेळ क्वचितच येईल. आणि आली तर ते मागें पडलेल्या मुलांस घेऊन बसतील. ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. त्याला उत्तर असें कीं, खर्च आजहि होतच आहे. तो मुलांच्या दिवसांच्या रूपानें होतो व हिशेबांत धरला जात नाहीं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राखीव म्हणून नेमलेला शिक्षक चार महिन्यांत एखाद्या कायम रिकाम्या जागेवर ढकलला जाईल, आणि केंद्र पुन्हां मोकळें राहील, अशी भीति जाणते लोक बोलून दाखवितात. ती भीति खरी आहे. ज्या गिरणींत कायमचे मागच रिकामे ठेवले जातात, तेथें बदलीचीं कार्डें वांटून कांहीं उपयोग होत नाहीं. म्हणून कायम जागा कायम माणसांनीं भरणें, ही बदलीच्या सुधारणेची पहिली पायरी आहे; तिला वगळून दुसरीवर पाय ठेवतां येणार नाहीं.

इतिहासाचा निष्कर्ष एवढाच निघतो. जेथें बदली हा शाळेच्या घरचा मनुष्य होता, तेथें मुलांचें शिकणें अखंड राहिलें, मग तो पंतोजीचा थोरला विद्यार्थी असो कीं पुण्याच्या फातिमाबाई असोत. जेथें तो केवळ स्वस्त मनुष्य म्हणून घेतला गेला, तेथें मुलाचेंहि नुकसान झालें आणि त्याचेंहि. आपण शिक्षकाच्या पदाला मान देतों व त्याच्या जागीं येणाऱ्याला रोजंदारी देतों. पण पहिल्या बांकावरील मुलाला हा भेद कळत नाहीं. त्याच्यापुढें जो उभा असतो तो त्या दिवशींचा त्याचा शिक्षक असतो, आणि त्यानें सांगितलेला पाढा तो जन्मभर तसाच म्हणणार असतो. तो पाढा चुकीचा सांगितला जाऊं नये, आणि सांगणाऱ्याला संध्याकाळीं आपण उद्यां कोठें असूं ही विवंचना नसावी, ह्या दोन्ही गोष्टी साधावयाच्या असतील, तर 'बदली' ह्या शब्दाला शाळेंत तरी गिरणीच्या दाराबाहेर उभें करून चालणार नाहीं. त्याला वर्गांत घेऊन, नीट शिकवून, मानानें बसविलें पाहिजे.